पुरणपोळीवर नारळाचं दूध

चि. मृण्मयी,


तू दूध-तूप सोडल्यापासून घरात रोज खटके उडतात, हे वाचून वाईट वाटलं. पण सासूबाई मुद्दाम करतात, असं मला वाटत नाही. आपल्याकडे माया तुपातूनच वाढतात. वरणभातावर तूप घालायला आलेला हात तू अडवतेस, तेव्हा त्यांना वाटतं, आपल्यालाच नको म्हटलं. म्हणून नुसतं ‘नको’ म्हणू नकोस, ‘हे वाढा’ म्हण. वरणभातावर लिंबू आणि घाण्याचं शेंगदाणा तेल मागून घे. पुरणपोळीवर नारळाचं दूध घे. कोकणात कित्येक घरी ती तशीच खातात. पिठलं-भाकरी, भरली वांगी, थालीपीठ, सोलकढी हे सगळं त्यांच्याच हातचं आणि तुला चालणारं. ते त्यांच्याकडून आवर्जून करून घे.

सासरे विचारतात, गाय-म्हैस दूध देतेच, मग घेतलं तर काय बिघडलं? त्यांचं बालपण गोठ्यात गेलंय. म्हशीला पान्हा फुटेपर्यंतच रेडकाला सडाला लावायचं आणि दूध उतरलं की मान ओढून बाजूला बांधायचं, हे त्यांनी पाहिलेलं आहे. त्यात ते नर असलं तर त्याला कोणी जपत नाही. मलाही दूध सोडावंसं वाटलं ते एवढ्याचसाठी. विचारलं तर शांतपणे सांग, पण जेवताना नको.

चहाचं म्हणशील तर सोयाचं दूध उकळत्या चहात ओतलं की फाटतं. चहा उतरवून जरा निवू दे आणि दूध वेगळं गरम करून शेवटी घाल. चव तीच येणार नाही. मी आलं-गवती चहा घालून कोराच पिते.

दही मात्र घरी होतं. शेंगदाणे रात्रभर भिजव, सालं काढून भरपूर पाण्यात बारीक वाट आणि फडक्यातून गाळून घे. ते दूध सतत ढवळत उकळ, नाहीतर तळाला लागतं. कोमट झालं की तीन-चार हिरव्या मिरच्या देठांसकट बुडवून उबेला ठेव. पहिलं दही पातळच लागतं. त्याचंच विरजण घालून पुढचं लावलंस की बरं जमतं. कढीला छान लागतं.

बाहेरचं घेताना हिरव्या ठिपक्यावर जाऊ नकोस. तो शाकाहाराचा, त्यात दूध चालतं. बिस्किटांच्या पाकिटामागे ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसिन’ हे शब्द शोध. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ पासून वेगळं हिरवं ‘व्ही’ चिन्ह आहे, पण आपल्या किराणा दुकानात मला ते क्वचितच दिसतं.

आता जे लिहितेय त्यात चालढकल मला चालणार नाही. बी-१२ हे जीवनसत्त्व डाळी-भाज्यांतून मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते थोडंफार दूध-दह्यातून मिळतं आणि तू तेच सोडलंस. शरीरातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे आज काहीच जाणवणार नाही. पुढे थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात आणि दुर्लक्ष केलं तर नसांना कायमची इजा होऊ शकते. स्पिरुलिनावर विसंबू नकोस. रक्त तपासून घे आणि डॉक्टरांना विचारून गोळी सुरू कर. कॅल्शियमसाठी नाचणी रोजच्या खाण्यात ठेव, १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम असतं. तिळाची चटणीही असू दे. लोहासाठी पालेभाजी-उसळीवर लिंबू पीळ आणि जेवणाला लागून चहा घेऊ नकोस.

दिवाळीच्या फराळाची धास्ती घेऊ नकोस. चकलीला गरम तेलाचं मोहन लागतंच, चिवड्याचा प्रश्नच नाही, करंजीचं सारण खोबऱ्याचं कर आणि पारीलाही तेलाचंच मोहन घाल. बेसनाचा लाडू मात्र तुपाशिवाय मनासारखा होत नाही; तो सासूबाईंना करू दे, तू वळायला बस.

तपासणीचा रिपोर्ट आला की कळव. सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझी,
मावशी