राखेतली ऊब

थंडीच्या दिवसांत मोठी आई पहाटे चुलीपुढं बसायची, पण लगेच काडी ओढायची नाही. आधी चुलीच्या तोंडात हात घालून हलकेच म्हणायची, "ऊठ माय, उजाडलं." मग राख हलायची. राखेतून दोन कान वर यायचे, मागून पाठीची कमान, मग एक लांबलचक जांभई. भुरी बाहेर येऊन अंग झटकायची आणि कंदिलाच्या उजेडात राखेचा धुरळा तरंगत राहायचा. तो खाली बसला की आमच्या घराचा दिवस सुरू व्हायचा.

तलवाड्याचं आमचं घर माळवदाचं. पुढं ढेळज, मग ओसरी, आत काळोखं स्वयंपाकघर आणि त्याला लागून ज्वारीचं बळद. माळवदावर चढलं की त्वरिता देवीची टेकडी दिसायची. भुरीला या घरात कुणी आणलं नव्हतं. एका आषाढात पाऊस लागून राहिला होता. बळदाच्या कोपऱ्यात उंदरांची खसफस वाढली होती. तेव्हा ती भिजलेली, हाडं मोजता येतील अशी, ढेळजेतून थेट आत आली. मी काठी उचलली, तर मोठी आई म्हणाली, "कामून हाकलतो रे? दाण्याच्या वासानं आलीय ती. लक्षुमी हाय."

मोठी आई शाळेत गेली नव्हती. पण मांजर माणसाकडं कसं आलं, हे पुढं मी पुस्तकात वाचलं तेव्हा तिचेच शब्द आठवले. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस धान्य साठवू लागला. धान्यामागं उंदीर आले, उंदरांमागं रानमांजरं. सायप्रस बेटावर ९,५०० वर्षांपूर्वीचं एक थडगं सापडलं आहे. माणसापासून हातभर अंतरावर एक मांजर पुरलेलं. त्या बेटावर मांजरं मुळात नव्हतीच, म्हणजे ते कुणीतरी होडीतून सोबत नेलं होतं. दाण्यासाठी आलेलं जनावर कधीतरी जिवाला लागलं होतं.

भुरीला घराच्या अंगातली ऊब आणि गारवा आमच्याहून नीट कळायचा. वैशाखात ती रांजणाखालच्या ओल्या वाळूला पोट टेकून पडायची. पावसाळ्यात बळदाच्या तोंडावर, कारण भरलेल्या ज्वारीला एक मंद धग असते. दिवाळीनंतर, गावातली कितीतरी बिऱ्हाडं ऊसतोडीला निघून जायची आणि गल्लीतल्या दारांना कुलपं लागायची, तेव्हा तिचा मुक्काम चुलीत. मांजराच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास, आपल्यापेक्षा थोडं जास्त. त्याला ऊबही जास्त लागते. मोठी आई रात्री निखारे एका कडेला राखेनं झाकून ठेवायची. उरलेल्या राखेत भुरी स्वतःला गोल गुंडाळून घ्यायची.

एकदा पाव्हण्या आलेल्या एका आजीबाईंनी हे पाहिलं आणि त्या दचकल्या. चुलीत मांजर निजणं म्हणजे घरात शिजवायला काही नाही. आपल्या भाषेत अठराविश्वं दारिद्र्य सांगायला तसंच म्हणतात. "हाकल बाई तिला, बरं न्हाई ते," त्या म्हणाल्या.

मोठी आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "बहात्तर साली बी मांजर व्हतं आपल्या घरी. ते चुलीत शिरायचं आन् लगेच माघारी यायचं. राख गार आसायची ना. एक दिस गेलं, ते आलंच न्हाई. ही निजती, म्हंजी रातच्याला चूल पेटली व्हती. निजू द्या तिला."

१९७२च्या दुष्काळात मोठी आई खडी फोडायला जात होती. कामावर मिळणारी सुकडी पदराला बांधून लेकरांसाठी घरी आणायची. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीची चव ती आयुष्यभर विसरली नाही. त्या वर्षाविषयी ती फारसं बोलत नसे. पण रोज पहाटे ती चुलीत हात का घालते, ते मला त्या दिवशी कळलं. तिला तिथं मांजर लागायचं आणि कालची रात्र उपाशी गेली नाही, याची खूण पटायची. साऱ्या गावाला जी अभद्र वाटे, त्या गोष्टीत तिला रोज आपलं भरलेलं घर दिसत होतं.

भुरी आमच्याकडं अकरा वर्षं राहिली. शेवटच्या हिवाळ्यात तिला दिसणं कमी झालं, माळवदावर चढणं सुटलं. तरी संध्याकाळी भाकरी झाल्या की ती चुलीपाशी येऊन वाट बघत बसायची. पौष महिन्यातल्या एका पहाटे मोठ्या आईनं हात घातला, "ऊठ माय" म्हटलं, आणि राख हलली नाही. मी भुरीला बाहेर काढलं. तिचं अंग कोमट होतं. ती ऊब तिची होती की राखेची, हे मला कळेना, आणि मी बराच वेळ तिला खाली ठेवू शकलो नाही.

परसातल्या लिंबाखाली खड्डा खणला. मोठ्या आईनं त्यात मूठभर मीठ टाकलं. मग आत गेली आणि चुलीतली राख सुपात भरून घेऊन आली. ती राख तिनं तळाशी पसरली, हातानं मधोमध खळगा केला आणि म्हणाली, "आता ठिव." त्या दिवशी चूल उशिरा पेटली.

आता मोठी आई नाही. गावाकडच्या ओट्यावर गॅस आला. आईचे डोळे धुरातून सुटले, याचं मला समाधान आहे. मी संभाजीनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. शेगडी बंद केली की दोन मिनिटांत गार होते. मागं राख उरत नाही.

गेल्या पौषात रात्री आठच्या सुमारास कामावरून आलो, गाडी खाली लावली, वर जाऊन पाणी प्यालो. दूध आणायचं राहिलं होतं म्हणून परत खाली उतरलो. गाडीच्या सीटवर एक मांजर गोल होऊन निजलं होतं. करड्या रंगाचं, कुणाचंच नसलेलं. शेजारी सहा-सात गाड्या उभ्या होत्या. त्यातली नुकतीच चालून आलेली एवढीच होती. मी हळूच त्याच्या कडेला तळहात टेकवला. सीट अजून कोमट होतं.

किल्ली खिशात टाकली आणि दुधाला चालत गेलो.