कुमशेतहून, मग गडावरून

कुमशेत, डिसेंबर

बाबा,

रतनगड झाला. शिड्या चढून नेढ्यात बसलो, समोर कळसूबाई स्वच्छ दिसत होती. तुमचा तक्ता सॅकच्या वरच्या कप्प्यात आहे. त्यातला वेळांचा रकाना पहिल्याच दिवशी मोडीत निघाला, पाण्याचा मात्र रोज वाचतो. या दिवसांत ओढ्यांचा भरवसा नाही, म्हणून गडावरच्या टाक्यातून माणशी तीन लिटर भरून घेतलं, मगच कात्राबाईच्या खिंडीकडे वळलो. रानात ढोरवाटा इतक्या, की भर दुपारीही खरी वाट शोधावी लागते. सहानंतर चालायचं नाही हे तुमचं कलम म्हणून कुणी मोडलं नाही.

तक्त्याप्रमाणे आज पाचनईला असायला हवं होतं. पण इथे ज्या मावशींच्या पडवीत टेकलो, त्यांच्या खळ्यावर भाताची झोडणी चालू होती, चुलीवर नागलीची भाकरी, समोर आजोबाचा डोंगर. राहिलो! मावशींचा मुलगा उद्या राजूरला जातोय, तो हे पत्र टपालात टाकेल.

हरिश्चंद्रगड

बाबा,

पाचनईची वाट सोपी निघाली. केदारेश्वराच्या लेण्यात कमरेएवढ्या गार पाण्यातून पिंडीला प्रदक्षिणा घातली. तक्त्यात नव्हती, दात अजून वाजताहेत.

संध्याकाळी कोकणकड्यावर एक टूम निघाली: खिरेश्वर कशाला, नळीच्या वाटेने थेट बेलपाड्याला उतरू. मी नाही म्हटलं. दोर नाही, वाटाड्या नाही. ती वाट चढतानाच अख्खा दिवस खाते. सुटे दगड, घसारा, मध्ये कातळटप्पे, आणि उतरताना पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही. “कुमशेतला तूच तर तक्ता मोडलास,” असं ऐकवलं गेलं. मोडलाच. पण तिथे मन बदललं असतं तर सकाळी उठून चालू लागलो असतो. नळीत अर्ध्यावर मन बदलून काय करणार? वर दगड, खाली दगड. दोघं रुसली आहेत, पिठलं आलं की बोलतील.

उद्या तोलार खिंडीतून खिरेश्वर, मग खुबी फाट्यावर एसटी. कुठली मिळेल ती. आईला सांगा, जेवायला थांबू नका.

नळीची वाट पुढच्या हिवाळ्यात, बेलपाड्याचा वाटाड्या घेऊन, खालून वर. तिचा तक्ता तुम्हीच करा, वेळांच्या रकान्यासकट.

तुमची,
धाकटी