रफाराची जागा

वीज गेल्यावर स्वयंपाकघरातील फडताळात काडेपेटी शोधावी लागत नाही. हात आपणहून तिच्यापाशी जातो. घर आपले झाले असे आपण म्हणतो, त्यात अशा न पाहता सापडणाऱ्या जागांचा वाटा मोठा असतो. पंचवीसहून अधिक वर्षे तालुक्याच्या गावी डीटीपीचे काम करत आल्यामुळे माझे असे दुसरे घर संगणकाच्या पडद्यावर आहे. या घरातील सामान मात्र कोणीतरी रात्रीतून हलवते आणि सकाळी ‘आपला संगणक अद्ययावत झाला आहे’ एवढा निरोप ठेवून जाते.

कोपऱ्यातले बटण मध्यावर सरकलेले असते. ओळखीचे शब्द जाऊन त्यांच्या जागी कात्रीची आणि कागदाची चित्रे आलेली असतात. गोष्टी लहानच, पण जे लक्ष मजकुरावर असायला हवे, ते बटण शोधण्यात खर्च होऊ लागले की मुद्रिताच्या चुका निसटतात. हा केवळ वयाचा हट्ट म्हणावा, तर 2012 मध्ये विंडोज 8 ने ‘स्टार्ट’चे नेहमीचे बटण पडद्यावरून काढून टाकले तेव्हा तरुणांनीही कुरकुर केली होती, आणि पुढच्याच वर्षी 8.1 या आवृत्तीत ते बटण परत आले.

तरीही अद्ययावत करणे टाळा, असे मी कोणाला सांगणार नाही. मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने अनेक देशांतील संगणक कुलूपबंद केले. ब्रिटनमधील रुग्णालयांना ठरलेल्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या. त्याची वाट बंद करणारी दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. कडी दुरुस्त करायला आलेल्या सुताराने जाता जाता माजघरही बदलून टाकावे, एवढीच माझी तक्रार.

आमच्या गावच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या बाबतीत मात्र प्रश्न बटणाचा राहिला नाही. बाईंनी आपल्या आईच्या आणि आळीतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवून घेतल्या होत्या. 1999 साली त्यांची अक्षरजुळणी मी केली. पुढे वहीला वाळवी लागली. उरली ती फाइल. संगणकाची नवी आवृत्ती आली आणि जुना प्रोग्रॅम उघडेनासा झाला. फाइल दुसरीकडे उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची नुसती खिचडी.

जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर खऱ्या अर्थाने साठवलेलेच नसे. रोमन अक्षराच्या चेहऱ्यावर देवनागरीचा मुखवटा चढवलेला असे. मुखवटा गेला की आतला चेहरा उघडा. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. रूपांतर करणारे साधन मिळाले, पण तेही ठेचकाळत होते. कारण जुन्या पद्धतीत अक्षरे दिसतात तशी साठवत: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार नंतर. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळते. रफारातला ‘र्’ ज्याच्या डोक्यावर बसतो त्याच्या आधी येतो. वेलांट्या बहुतेक मार्गी लागल्या. रफार मात्र एकेक घर चुकले. ‘पर्वत’चे ‘पवर्त’ झाले, ‘दर्शन’चे ‘दशर्न’.

सात संध्याकाळी आम्ही बसलो. बाई ऐंशीच्या घरातल्या, पडद्याकडे पाहायला नाखूष. मी जसे दिसेल तसे वाचायचे आणि त्यांनी ऐकायचे. “अरे, विठोबाचं दशर्न कसलं घेतोस?” त्या पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या. काही ठिकाणी अक्षराऐवजी नुसती रिकामी चौकट होती. तिथे बाई डोळे मिटून ओवी पहिल्यापासून चालीवर म्हणत. तोंडाला लय लागली की हरवलेला शब्द यायचा. दोन ओव्यांत तो आलाच नाही. ज्यांना विचारावे, त्या बायकांपैकी आता कोणी नाही. तिथे आम्ही टिंबे ठेवली.

बटणे मध्यावर का आली, हे मला अजून पटलेले नाही आणि पटवून घेण्याची गरजही वाटत नाही. युनिकोडचे तसे नाही. त्यासाठी बोटांना नवा कळफलक शिकवताना महिनाभर चिडचिड झाली, पण त्या चिडचिडीच्या बदल्यात मराठीला संगणकात स्वतःची जागा मिळत होती. शिवाय ती फाइल आता कुठल्याही यंत्रावर वाचता येते, आणि हवा तो शब्द शोधताही येतो.

हे बाईंना सांगितले तेव्हा त्या प्रथमच खुर्ची पुढे ओढून पडद्यासमोर बसल्या. “‘सासर’ किती वेळा आलंय, बघ.” एकेचाळीस वेळा. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आता ‘माहेर’ बघ.”