रोल संपत आला तेव्हा

गोंदियासारख्या गावी राहून कॅमेऱ्याच्या कारखानदाराची चिंता आम्ही का वाहावी, असे कोणी विचारील. आमच्या जिल्ह्यात कॅमेरे तयार होत नाहीत. येथे भात पिकतो, तांदळाच्या गिरण्या चालतात, उन्हाळ्यात तेंदूपत्ता गोळा होतो आणि घरोघरी बिडी वळली जाते. परंतु एक धंदा ऐन भरात असता दुसरा त्याच्या दाराशी येऊन उभा राहिला, तर मालकाने काय करावे, हा प्रश्न बिडीच्या मुलखाला परका नाही.

आमच्या पिढीतील कित्येक घरांत कॅमेरा म्हणजे वडोदऱ्यास तयार होणारा आग्फा क्लिक-३. एका रोलवर चौकोनी छायाचित्रे बारा. स्नानसंस्काराला तीन, प्रथम ख्रिस्तप्रसादाला चार, उरलेली नाताळसाठी, असा हिशेब असे. आणि नेमके एखादे मूल डोळे मिटून घेई! कॅमेरा एकदाच विकत घेतला. रोल, धुलाई व प्रती यांचे पैसे मात्र आम्ही वर्षानुवर्षे मोजले. छायाचित्रणाच्या बड्या कारखानदारांची खरी मिळकत येथेच होती आणि त्यांच्या द्विधेचे मूळही येथेच.

कोडॅक कंपनी झोपून राहिली असे सर्रास म्हटले जाते. ते आम्हांस पटत नाही. १९७५ साली तिच्याच पदरी असलेल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्मविना चालणारा कॅमेरा उभा केला. त्याचे वजन साडेतीन किलोंहून अधिक, चित्रात ठिपके अवघे दहा हजार, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास तेवीस सेकंद लागत. १९९१ साली कंपनीने निकॉनच्या कॅमेऱ्यावर बसविलेले डिजिटल यंत्र वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांसाठी बाजारात आणले. पुढेही तिने पैसा ओतला. पण डिजिटल कॅमेऱ्याच्या गिऱ्हाइकाला दर महिन्यास रोल विकता येत नाही, ही अडचण पैशाने सुटणारी नव्हती. १९८८ साली जगभरात १,४५,००० माणसे जिच्यावर पोट भरीत होती, त्या कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

जपानच्या फुजीने डिजिटल कॅमेरे काढले, शिवाय आपल्याला मुळात काय येते याची झडती घेतली. फिल्मच्या लेपातील जिलेटिन कोलॅजनपासून येते. रंग विटू नयेत यासाठीची विद्याही जवळ होती. त्यातून २००७ साली त्वचेची प्रसाधने निघाली. फिल्मचा पातळ, निर्दोष पापुद्रा टीव्ही व संगणकाच्या सपाट पडद्यांना उपयोगी पडला. तरीही त्यांना हजारो माणसे कमी करावी लागलीच. आपल्या देशात उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सने १९६७ पासून ‘इंदू’ फिल्म तयार केली. रंगीत फिल्मचे युग आले तेव्हाच ती मागे पडली, डिजिटलची गोष्ट तर फारच दूर.

तेव्हा डिजिटलमध्ये पैसा घालावा काय? घालावा, आणि जुना धंदा कमावता आहे तोवरच घालावा. कर्ज काढून घालण्याची पाळी आली म्हणजे वेळ टळली. मात्र नव्या यंत्रावर सर्वस्व लावू नये. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेचे आकडे बोलके आहेत. २०१० साली सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, २०२१ साली जेमतेम ८४ लाख. मधल्या काळात कॅमेरा फोनमध्ये जाऊन बसला होता. फिल्मवाल्याला हसणारा डिजिटलवाला दहा वर्षांत त्याच्याच रांगेत उभा राहिला.

मालकाचा पैसा एका धंद्यातून निघून दुसऱ्यात जाऊ शकतो. काळोख्या खोलीत तीस वर्षे फिल्मवर लेप चढविणारा कामगार असा सहज जात नाही. म्हणून गुंतवणुकीचा पहिला हिस्सा यंत्राआधी त्याच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे आमचे मत आहे. हे लिहिताना डोळ्यांपुढे येतात त्या आमच्याकडील बिडी वळणाऱ्या बाया. पान मापात कापणे, तंबाखूची चिमूट न तोलता नेमकी घेणे, दोरा बांधून तोंड दुमडणे, हे सारे त्या गप्पा मारता मारता करतात. त्यांची ही बोटे आणखी काय काय करू शकतील, याची विचारपूस करण्यास कोणी मालक त्यांच्या ओसरीवर आलेला आमच्या तरी पाहण्यात नाही.