गाडीखालची तार

सोलापूर ते अक्कलकोट हे अंतर ४० किलोमीटरच्या आतबाहेर. वळसंग साधारण निम्म्या वाटेवर येतं. लहानपणी अम्मीच्या माहेरी जाताना एसटी वळसंगला थांबली की अम्मी पिशवीतला डबा उघडायची. "वळसंग आलं, निम्मी वाट सरली," हे तिचं ठरलेलं वाक्य. म्हणून वळसंग म्हटलं की मला अजून शेंगाचटणी लावलेली चपाती आठवते. गेल्या पावसाळ्यापासून मात्र आणखी एक गोष्ट आठवते आणि ती आठवली की मान थोडी खाली जाते.

माझ्या धाकट्या बहिणीला अक्कलकोटजवळच्या एका शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली. राहणं सोलापुरात, शाळा तिकडे. रोज जाऊन येऊन ८० किलोमीटर. मी त्याच सुमारास दुसरी गाडी घेतली होती, तेव्हा नऊ वर्षं वापरलेली जुनी गाडी तिला द्यायचं ठरलं. मला पैसे नको होते. पण तिने भिशी उचलली आणि ८० हजार रुपये माझ्या हातात ठेवले. "फुकट घेतलेल्या गाडीत पेट्रोल घालायलाही लाज वाटेल भाईजान," म्हणाली. गाडी कशी आहे, हे तिने विचारलं नाही. भावाची गाडी, विचारायचं काय?

सप्टेंबरातल्या एका रविवारी ती स्वतः गाडी चालवत निघाली. शेजारी मी, मागे अम्मी. सोलापूर सोडलं की कुंभारी लागतं. इथे विडी कामगारांच्या घरांच्या रांगा दिसतात. कॉम्रेड गोदुताई परुळेकरांच्या नावाने उभ्या राहिलेल्या १० हजार घरांच्या वसाहतीचा ताबा कामगारांना २००६ साली मिळाला. त्यानंतर याच भागात असंघटित कामगारांसाठी रे नगर झालं. तिथल्या १५ हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. आमच्या कितीतरी खाला-फुफ्यांनी सुपात तेंदूपत्ता घेऊन आयुष्य काढलं. अम्मी दर वेळी काचेतून त्या घरांकडे बघते आणि कुणाकुणाचं घर कुठल्या गल्लीत आहे ते सांगते. त्या दिवशीही ती सांगत होती.

कुंभारी मागे पडलं. रस्ता आता चौपदरी आणि गुळगुळीत आहे, पण दोन्ही बाजूंना काळी जमीन. पाऊस झाला की शेतातून बाहेर पडणारे ट्रॅक्टर चाकांना चिकटलेला चिखल डांबरावर सोडत जातात. वळसंग जवळ आलं तसा गाडीखालून आवाज सुरू झाला. आधी फडफड, मग खरडल्यासारखा लांब आवाज. बहिणीने घाबरून गाडी कडेला घेतली. अम्मीने मागून दुआ पुटपुटायला सुरुवात केली.

मी खाली वाकून पाहिलं. इंजिनखालचं काळं प्लास्टिकचं कव्हर पुढच्या बाजूने सुटून रस्त्याला टेकलं होतं. त्यावर काळ्या मातीचा थर बसला होता. एका कोपऱ्यात तुटलेली तार लोंबत होती.

बहीणही वाकली. "ही तार कंपनीची आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "माझी आहे."

दोन वर्षांपूर्वी एका गतिरोधकावर ते कव्हर तडकलं होतं. तेव्हा एका पंक्चरवाल्याकडून तारेने बांधून घेतलं. मग पुन्हा एकदा. मग आणखी एकदा. वरून गाडी चकचकीत होती. खाली कोण बघतं?

गावात चौकशी केली तेव्हा एका पत्र्याच्या शेडमधलं गॅरेज सापडलं. मिस्त्रीचाचा साठीच्या आसपासचे. मदतनीस पोराशी कन्नडमध्ये बोलत होते, ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याशी मराठीत. आमचा सलाम ऐकल्यावर आमच्याशी दखनी सुरू झाली. वळसंगात हे रोजचंच आहे; इथे एकाच ओट्यावर तीन भाषा बसलेल्या असतात.

त्यांनी गाडी खड्ड्यावर घेतली, खाली उतरले आणि थोड्या वेळाने कव्हर हातात घेऊन वर आले. जमिनीवर आपटून त्यावरची माती पाडली. टोपलीभर निघाली.

"प्लास्टिकचा दोष नाही," ते म्हणाले. "हे कव्हर दगड झेलायला दिलेलंच नसतं. पाणी-चिखल इंजिनच्या पट्ट्यावर, वायरिंगवर उडू नये आणि गाडीखालून हवा सरळ निघून जावी, एवढंच याचं काम. पण एकदा तडा गेला की फटीतून चिखल आत शिरतो, वाळतो, पुन्हा शिरतो. वजन वाढतं. सगळं वजन या एवढ्याशा क्लिपांवर. इंजिनच्या उष्णतेने क्लिपांची भोकं आधीच कडक झालेली असतात. मग एक दिवस सुटतं." थोडं थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "और क्या-क्या बाँधे हो तार से?"

मी हसण्यावारी नेलं. बहीण हसली नाही.

चाचांनी तार बांधायला साफ नकार दिला. "नक्को. वेगात असताना हे पुढच्या चाकात गेलं तर?" त्यांनी कव्हर पूर्ण काढून ठेवलं. आज सावकाश जा, पाणी साचलेल्या ठिकाणी गाडी घालू नका, पुढच्या रविवारी या, मी सोलापूरहून दोन-तीन प्रकार आणून ठेवतो, असं सांगितलं. उरलेल्या वाटेत गाडीत कुणी बोललं नाही. अम्मीने एकदाच विचारलं, "तुला माहीत होतं?" मी हो म्हणालो.

पुढच्या रविवारी मी मनाशी ठरवून गेलो होतो. सगळ्यात जाड लोखंडी पत्रा लावायचा, म्हणजे पुन्हा कटकट नको. खरं सांगायचं तर तेवढ्याने माझं ओझंही उतरेल असं वाटत होतं. चाचांनी तीन वस्तू भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या: कंपनीचं नवं प्लास्टिक, दोन मिलिमीटरचा लोखंडी गार्ड आणि तीन मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा गार्ड.

"लोखंडी लावा," मी म्हणालो.

चाचा काही बोलले नाहीत. तिन्ही उचलून शेजारच्या किराणा दुकानात गेले आणि एकेक करून तराजूवर ठेवलं. प्लास्टिक एक किलोला थोडं कमी. ॲल्युमिनियम साडेतीन किलो. लोखंड साडेसहा किलो. दुकानदारही पुढे येऊन बघू लागला.

"साडेसहा किलो रोज वाहायचे, तेही गाडीच्या नाकाखाली," चाचा बहिणीला म्हणाले. यावेळी ते माझ्याशी बोलतच नव्हते. "पेट्रोल तुम्ही भरणार. रंग खरवडला की गंज धरणार. बोल्ट ढिला झाला तर एवढं जड लोखंड रस्त्यावर पडणार आणि मागून येणाऱ्याचं काय होणार?"

मग त्यांनी आणखी एक गोष्ट समजावली, जी मला ठाऊक नव्हती. समोरून धडक बसली तर गाडीचं नाक चेपलं पाहिजे. ते चेपतं म्हणून धडकेचा जोर तिथे खर्च होतो आणि आतल्या माणसांपर्यंत कमी पोहोचतो. जाड लोखंडी पत्रा बंपरच्या आतल्या दांड्यापासून मागच्या फ्रेमपर्यंत घट्ट कसून टाकला तर चेपायला हवा तो भागच ताठ होतो. "मजबूत म्हणजे जड नव्हे, बेटी. ठोकर झेलायची तिथे झेलली पाहिजे, सोडून द्यायचं तिथे सोडता आलं पाहिजे."

"मग नवं प्लास्टिकच लावू?" बहिणीने विचारलं.

"शहरातल्या शहरात फिरणार असता तर हौ म्हणालो असतो. तुमची शाळा कुठे आहे?"

शाळा मुख्य रस्त्यापासून आत, कच्च्या वाटेवर आहे. तिथले दगड तिने सांगितले. चाचांनी ॲल्युमिनियमचा गार्ड उचलला.

काम दीड तास चाललं. मी खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून पाहत होतो. पाहिलेलं लिहून ठेवतो. तुमच्यापैकी कुणी असं काम करून घेणार असेल तर उपयोगी पडेल.

चाचांनी गाडीच्या सांगाड्याला एकही नवं भोक पाडलं नाही. कंपनीने आधीच दिलेल्या भोकांतूनच बोल्ट घेतले. प्लास्टिकच्या क्लिपांऐवजी जस्ताचा मुलामा असलेले बोल्ट आणि रुंद वॉशर. जिथे ॲल्युमिनियम लोखंडाला टेकत होतं, तिथे जुन्या ट्यूबच्या रबराचे तुकडे कापून घातले. दोन वेगळे धातू ओल्यात एकमेकांना टेकून राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. शिवाय रबर नसेल तर पत्रा दिवसभर खडखडतो. ऑइल चेंबरच्या खाली, ऑइल सोडण्याच्या बोल्टसमोर गार्डला गोल भोक होतं. ते नसेल तर दर सर्व्हिसिंगला अख्खा गार्ड उतरवावा लागतो आणि कंटाळून कुणीतरी अर्धेच बोल्ट परत लावतो. मागच्या बाजूला लांबट फटी होत्या, गरम हवा आणि पाणी बाहेर पडण्यासाठी. शेवटी चाचांनी जमिनीपासून उंची मोजली. गार्ड पोटाला लागून बसला होता, आधीच्या कव्हरपेक्षा खाली आला नव्हता. खाली लोंबणारा गार्ड वाचवण्याऐवजी प्रत्येक गतिरोधकावर आपटत राहतो.

चाकांच्या वरची आतली अस्तरंही फाटली होती. तिथे मात्र चाचांनी प्लास्टिकच लावलं, फक्त जरा जाड. चाक वळतं, खालीवर होतं. तिथे वाकणारी वस्तूच हवी, पत्रा नाही.

मधल्या वेळात चाचा असरच्या नमाजसाठी मशिदीत गेले, मीही गेलो. परत आल्यावर बहीण म्हणाली, "विहीर बघून येऊ." या गावात दलित वस्तीतल्या लोकांनी स्वतः खणलेली विहीर आहे. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले होते आणि त्यांच्या हस्ते ती खुली झाली. एवढी वर्षं या गावावरून गेलो, ती कधी पाहिली नव्हती. बहिणीला वर्गातली मुलं तिथे आणायची आहेत. काठावर उभी राहून ती म्हणाली, "ज्यांना गावच्या पाण्याला हात लावू दिला नाही, त्यांनी जमीन खोदून पाणी काढलं. हे मुलांनी इथे उभं राहून ऐकलं पाहिजे." मी तिच्याकडे पाहत राहिलो. रोज ८० किलोमीटर ती यासाठी जाणार होती आणि मी तिला तारेने बांधलेली गाडी दिली होती.

परतताना मी म्हणालो, "मी तुला सांगायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "मी पैसे दिले नसते तरीही सांगायला हवं होतं."

गॅरेजवर बिल मी दिलं. चाचांनी जुन्या कव्हरचे तुकडे पोत्यात घालून भंगारासाठी ठेवले आणि बहिणीला तीन गोष्टी बजावल्या: पाचशे किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा आवळून घ्या, पावसाळ्यात महिन्यातून एकदा गार्डवरची माती पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा, आणि पहिले काही दिवस इंजिनच्या तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. गाडी कंपनीच्या वॉरंटीत असती तर आधी तिकडे विचारा असंही म्हणालो असतो, असं ते हसत म्हणाले.

त्या रात्री घरी मी कागद घेऊन बसलो. चाचांचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. आणखी काय काय तारेने बांधलंय? आठवून आठवून लिहिलं. स्टेपनी घासलेली आहे. मागच्या डाव्या दाराचं लॉक कधीकधी अडकतं. एसीचा गॅस दर उन्हाळ्यात भरावा लागतो. हँडब्रेक चढावर पूर्ण धरत नाही. एकूण सात गोष्टी झाल्या. दुकानात माल विकताना दोष झाकू नये, हे अब्बांनी आम्हाला लहानपणी शिकवलं होतं. सख्ख्या बहिणीच्या बाबतीत मला ते आठवलं नव्हतं, कारण तो व्यवहार आहे असं मी मानलंच नव्हतं.

कागद आणि भिशीचे पैसे मी अम्मीसमोर तिच्यापुढे ठेवले. तिने कागद शांतपणे वाचला. मग हँडब्रेक आणि स्टेपनीचा खर्च काढून घेतला आणि उरलेले पैसे माझ्याकडे सरकवले. "आता हा सौदा झाला," म्हणाली.

आता ती रोज त्या रस्त्याने जाते. मागच्या महिन्यात तिचा दुपारी फोन आला. मी घाबरून उचलला. मागे पान्याचा खणखणाट ऐकू येत होता.

"वळसंगला थांबलेय भाईजान. बोल्ट आवळून घेतेय. चाचा विचारतायत, भाईजानची नवी गाडी कधी दाखवायला आणणार?"

येत्या रविवारी जाणार आहे, इन्शाअल्लाह. खाली वाकून अजून मी पाहिलेलं नाही.