साठ दिवस

वडीगोद्रीहून जालन्याला जायचं म्हणजे अंबड ओलांडून जायचं. जिनिंगमधली पाळी बुडते, मजुरी बुडते. अक्काच्या अजून न आलेल्या लेकरासाठी मी अशा चार मजुऱ्या बुडवल्या. त्याचं दुःख नाही. चारही वेळा समोरची खुर्ची रिकामी होती, त्याचं आहे.

अक्काच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. मूल नाही. "नात्यातलं पोरगं घ्या," सगळे म्हणाले. अक्का म्हणाली, "मला पोरगी पाहिजे. अन् सरकारी कागदानं पाहिजे. उद्या तिला कुणी म्हनू नये, तू कुणाची?"

भाऊजी अन् मी मोबाईलवर नोंदणी केली. लग्नाचा, उत्पन्नाचा, डॉक्टरचा, सगळे दाखले चढवले. राहिली घरभेट. सोशल वर्कर मॅडम येणार, घर बघणार, माणसं बघणार, अहवाल लिहिणार. अहवालाशिवाय मूल दाखवत नाहीत.

मॅडम आल्या नाहीत. फोन वाजून वाजून बंद व्हायचा. एकदा उचलला, "मीटिंगमधी आहे," म्हणाल्या अन् ठेवला. अक्कानं दोनदा भिंतींना चुना दिला. दुसरा चुनाही धुरानं काळा पडला.

एका रात्री ती म्हणाली, "आपलं घर भीमनगरात हाय म्हनून तर नसंल?"

मला उत्तर देता आलं नाही. नाही म्हणणाराशी भांडता येतं. गप्प बसणाराशी कसं भांडायचं? त्याच्या गप्प बसण्याला पुरावा नसतो.

मग वाचायला बसलो. शाळा नववीत सुटली, तेव्हापासून असंच शिकतोय. १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, त्यात हिंदू कोड बिल रखडवल्याचं मोठं कारण होतं, हे आपल्याला जयंतीच्या भाषणांतून पाठ आहे. पण त्या बिलात दत्तकाचाही भाग होता, दत्तकाला जातीची आडकाठी नको असं त्यात होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जुन्या धर्मशास्त्राला दत्तक पाहिजे तो मुलगा, पिंड द्यायला. १९५६ च्या कायद्यानं मुलगीही दत्तक घेता आली, बायकोची संमती लागू लागली. आपण बौद्धही त्या कायद्यात आहोत. अन् संस्थेतल्या लेकरासाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. त्याखालच्या २०२२ च्या नियमांत लिहिलंय : कागद दिल्यापासून साठ दिवसांत घरभेटीचा अहवाल.

साठ दिवस! आमचे एकशे सव्वीस झाले होते.

अर्ज लिहिला. पहिल्या खर्ड्यात 'कृपा करून' आलं होतं. ते खोडलं. कृपा कशाची? नोंदणीची तारीख, दिवसांची मोजदाद, नियम, बास. आवक क्रमांक टाकून पोच घेतली. दुसरा अर्ज माहितीच्या अधिकारात : आमच्या कागदावर काय कारवाई झाली, तारीखवार सांगा.

नवव्या दिवशी मॅडम दारात. चहा घेतला. अक्काशी तासभर बोलल्या. निघताना म्हणाल्या, "अख्खा जिल्हा माझ्या एकटीवर आहे हो." मला ते खोटं वाटलं नाही. पण ओझं वाढलं की कुणाचा कागद तळाला जातो? ज्याच्यासाठी वरून कुणाचा फोन येत नाही, त्याचा. जातीनं असो की गरिबीनं, तळाला आपणच.

अहवाल चढला. आता यादीत नंबर लागलाय. यादी लांब आहे. मूल मिळालं तर शेवटचा हुकूम कलेक्टर देतील, २०२२ पासून ते काम कोर्टाकडून त्यांच्याकडं आलंय. अक्का वाट बघतीय. झबलं शिवून पेटीत ठेवलंय.

दोस्तांनो, मोर्चा काढा, घोषणा द्या. मीही येतो. पण वस्तीतल्या कुणाचा अर्ज घेऊन गेलात तर पोच घेतल्याशिवाय माघारी फिरू नका.

जय भीम.