दात सरळ होताना हिरड्यांकडेही बघा

तुम्ही किंवा तुमच्या घरातल्या कुणी दातांना तार लावली असेल, तर आज चांगल्या उजेडात आरशासमोर उभं राहा. खालचा ओठ बोटानं ओढून समोरचे दात बघा. एखादा दात शेजारच्यापेक्षा लांब दिसतोय का? तो दात वाढलेला नसतो, त्याची हिरडी खाली सरकलेली असते.

माझा खालचा एक दात असाच ‘लांब’ झाला. मी मूळची मिरजेची, आता बेळ्ळंदूरला राहते आणि मजकूर लिहिण्याची नोकरी करते. इथे आउटर रिंग रोडवरच्या ऑफिसांत पंचविशीत तार लावलेली मुलं-मुली सहज दिसतात. जाहिरातींत आधीचं हसू आणि नंतरचं हसू असतं. हिरडीचं नाव मात्र कुठेच नसतं.

खरं तर दात हाडात रोवलेला असतो आणि खालच्या समोरच्या दातांपुढे हे हाड फार पातळ असतं. दाटीतले दात पुढे ढकलले की ते आणखी पातळ होतं. त्यात हिरडी मुळातच नाजूक असेल, तारेभोवती कीटण साचत असेल किंवा ब्रश जोरात घासला जात असेल, तर ती खाली उतरते. सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही. पण एकदा उतरलेली हिरडी आपोआप वर येत नाही. उघड्या मुळावर इनॅमल नसतं, म्हणून फ्रिजमधलं दहीसुद्धा झोंबतं आणि मूळ लवकर किडू शकतं.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. दात आहे तिथेच थांबवून लक्ष ठेवायचं, किंवा आधी टाळूचा तुकडा हिरडीला लावायचा आणि मग पुढे सरकायचं. खर्च माझ्या पीजीच्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढा होता आणि टाळू कापणार या कल्पनेनंच पोटात गोळा आला. आईला फोन केला. ती म्हणाली, “आजीच्या हिरड्या मिश्री लावून लावून गेल्या. चाळिशीतच भाकरी दुधात कुस्करून खायला लागली. तिला कुणी विचारलं नाही. तुला डॉक्टर विचारतायत ना? मग करून टाक.”

केलं. टाळू आणि हिरडी दोन्ही बधिर केली. टाळूच्या आतल्या थरातला पातळ तुकडा काढून उघड्या मुळावर, हिरडीच्या खाली ठेवला आणि टाके घातले. नंतर हिरडीपेक्षा टाळूच जास्त दुखली, गरम चहानं पोळल्यासारखी. आई राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं आली आणि आठवडाभर मला गार दहीभात आणि पातळ खिचडी भरवत राहिली. त्या जागी दोन आठवडे ब्रश लावायचा नव्हता, फक्त डॉक्टरांनी दिलेल्या औषधानं चूळ भरायची होती. मग टाके निघाले. रंग एकसारखा व्हायला काही महिने गेले. मूळ बहुतेक झाकलं गेलंय, पूर्ण नाही. तार पुन्हा हळूहळू काम करतेय.

तार लावण्याआधी तुम्ही डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: माझी हिरडी पातळ आहे का? समोरचे दात किती पुढे येणार? हिरड्यांचे तज्ज्ञ, म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट, एकदा बघतील का? सुरुवातीलाच हिरड्यांचे फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढे फरक कळतो. ब्रश मऊ घ्या. खर्चाची अडचण असेल तर सरकारी दंत महाविद्यालयांत हिरड्यांचा वेगळा विभाग असतो. बंगळुरूत व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारात असं महाविद्यालय आहे, मुंबईतही सरकारी आणि नायर दंत महाविद्यालय आहे. आणि घरात कुणी मिश्री लावत असेल, तर त्यांच्याही हिरड्या दाखवून आणा. वय झालं म्हणून सोडून देऊ नका.

माझ्या तेरा वर्षांच्या मामेबहिणीला पुढच्या महिन्यात तार लागणार आहे. तिच्या फाईलमधला पहिला फोटो हिरड्यांचा असावा, असं मामीला बजावून ठेवलंय.